माहिती देणारा : स्वतः

६ नोव्हेंबर १९९५, सोमवार

पोचले एकदाची. कल्याणला पकडलेली महानगरी सहा तास उशिरा बनारसला लागली, तरी स्टेशनवर माणूस हजर. रत्नाकर दीक्षित, आमच्या प्रकल्पाचे क्षेत्र-पर्यवेक्षक. पन्नाशीचे, पांढरा स्वेटर, खांद्याला खादीची झोळी, हातात पाटी : ‘नीरजाजी, सांगली’. म्हणाले, ताई, चार चहा एकट्याने झाले, पाचवा तुमच्याबरोबर. त्यांच्या सहा पिढ्या इथे गेल्या. त्यांची मराठी ऐकून मला हसू फुटलं तर तेही हसले. म्हणाले, आमची मराठी घरात नेसायची आहे हो, दाराबाहेर हिंदी चढवावी लागते.

राहायची सोय रामघाटाच्या गल्लीत, पद्माकाकूंकडे. खाली जरीचं दुकान, वर सिमेंटच्या जिन्याच्या दोन खोल्या. काकू बहात्तरच्या. यजमान रेल्वेत मुगलसरायला होते. ते गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी काकू काशीवासाला आल्या. मूलबाळ नाही. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले : घोरतेस का, आणि राबडी खातेस का. दोन्हींची उत्तरं त्यांना पसंत पडली.

खिडकीतून पंचगंगेकडचे आकाशदिवे दिसतात, उंच बांबूंवर टांगलेल्या टोपल्यांतले. उद्या त्रिपुरी पौर्णिमा. पहिली नोकरी, पहिलं परगाव. आईला पत्र लिहून झालं, आता झोपते.

८ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस मुन्शी घाटाच्या वर, दोन मोठ्या खोल्या. एकीत फॉर्मांची कपाटं, दुसरीत मी आणि एक ४८६ मॉडेलचा कॉम्प्युटर. वीज दिवसातून तीनदा जाते, म्हणून दर वीस मिनिटांनी फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं हा पहिला धडा. सॉफ्टवेअर एपी इन्फो, डॉसवर चालणारं, निळ्या पडद्याचं. कॉलेजात वापरलेलं आहे, हाताला ओळखीचं.

काम असं : काशीवासाला येऊन राहिलेले बाराशे बारा वृद्ध. दर महिन्याला रत्नाकरराव आणि त्यांची दोन माणसं प्रत्येकाच्या दारी जातात, फॉर्म भरतात, म्हातारा-म्हातारीचा अंगठा घेतात. खोकला, डोळे, पडणं-झडणं, औषधं. गेला असेल तर तारीख आणि कारण. संचालक डॉ. आठल्ये बहुतेक दिल्लीत असतात. फेब्रुवारीत त्यांना परिषदेत आकडे मांडायचे आहेत.

गोपनीयतेसाठी कॉम्प्युटरमध्ये नावं नाहीत, फक्त क्रमांक. नावांची वही रत्नाकररावांच्या कपाटात. त्यांचं काम इतकं नेटकं की माझ्या अक्षराची लाज वाटली. वस्तीतले सगळे त्यांना ओळखतात. कुणाला गोळ्या नेऊन देतात, कुणाचा चष्मा दुरुस्त करून आणतात. हातात लोखंडी कड्याचा दांडका असतो. माकडांसाठी, म्हणाले. इथे सगळेच बाळगतात.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आठवडाभर फॉर्मांची झाडलोट चालली आहे. माझ्या आधीचा मुलगा काम अर्धं टाकून गेला. त्रेसष्ट फॉर्म असे की बाकी सगळं भरलेलं, पण ‘जिवंत / मृत’ ही चौकट रिकामी. रिकामी चौकट सोडली तर तेवढी माणसं हिशेबातून गळतात, आणि डॉक्टरांना एकही गळालेली चालत नाही.

दुपारी उपाय सुचला. शेवटच्या पानावर प्रश्न आहे : श्राद्ध झाले आहे का? त्रेसष्टांपैकी तेवीस जणांसमोर ‘होय’. श्राद्ध झालं म्हणजे माणूस गेला, आणखी काय! एका ओळीचा नियम लिहिला : श्राद्ध ‘होय’ असेल तर ‘मृत’ भर. एन्टर दाबलं आणि तेवीस रकाने एका क्षणात भरले. बाकी चाळीसांना ‘जिवंत’ धरलं. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आता फक्त त्या तेवीस जणांच्या मृत्यूची तारीख आणि कारण हवं. क्रमांकांची यादी छापून रत्नाकररावांना दिली.

२० नोव्हेंबर, सोमवार

रत्नाकरराव यादी घेऊन आले आणि बराच वेळ माझ्या टेबलापाशी उभे राहिले. विचारलं, ताई, ही यादी मशीनने काढली की तुम्ही? मी म्हटलं, मशीनने. मग हळू आवाजात विचारलं, म्हणजे मशीनलाही हे तेवीस मेलेलेच दिसतात?

वीज जायच्या आत मला तक्ता संपवायचा होता. मी पडद्यावरून डोळे न काढता म्हटलं, हो, मशीनमध्ये ते मृत आहेत, तुम्ही फक्त तारीख आणि कारण आणा. यादी शून्य झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

त्यांनी यादीची घडी घालून कपाळाला लावली. इथली माणसं कागदालाही नमस्कार करतात. बरं वाटलं.

२ डिसेंबर, शनिवार

पाच फॉर्म पूर्ण होऊन आले. तारीख, वेळ, कारण, सगळं. कारण पाचही जणांचं एकच, डोक्याला इजा. इथल्या पायऱ्या पाहिल्यावर नवल वाटत नाही. मी स्वतः दोनदा घसरले.

डॉक्टरांचा दिल्लीहून फोन आला. म्हणाले, चुकांची यादी घटते आहे, छान. काकूंनी त्याच आनंदात राबडी मागवली. त्या मालिका बघतात आणि खलनायिकेला इंदुरी शिव्या घालतात. त्यांचं माहेर इंदूरचं. माझं हसून पोट दुखलं.

१२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी काकू रडून आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या त्यांच्या मैत्रीण, बकुळताई, काल सकाळी गच्चीवर वारल्या. माकडाने वीट पाडली म्हणतात. टाळू फुटून आत गेली होती. काकूंनी तोंड पाहायचा आग्रह धरला आणि पाहिलं. मला सांगितलं : डोळे एकीकडे आणि कपाळ एकीकडे झालं होतं गं.

मग चहा पिताना जरा सावरल्या आणि म्हणाल्या, एक बरं, तिचं श्राद्ध करायला कुणाच्या पाया पडायला नको. दोघींनी आपापलं चार वर्षांपूर्वीच उरकून घेतलं होतं.

मला कळेना. काकूंनी समजावलं. ज्यांच्यामागे करणारं कोणी नाही ते इथे जिवंतपणीच स्वतःचं श्राद्ध करून घेतात. आपल्या हाताने आपलेच पिंड. काकू हसल्या : “माझ्या पिंडाला कावळा दोन क्षण थांबला नाही बघ. मेला म्हणाला असेल, हिची इच्छा काय उरणार, हिने तर सगळी राबडी खाल्ली!” आणि मग, डोळे पुसत : “तेव्हापासूनचं आयुष्य फुकटचं आहे, नीरजे. ते फार गोड लागतं.”

माझा चहा गार झाला. श्राद्ध ‘होय’. जिवंत माणूस, आणि श्राद्ध ‘होय’.

१३ डिसेंबर, बुधवार

रत्नाकरराव वस्तीत गेल्यावर कपाट उघडून नावांची वही काढली. यादीतले तेवीस क्रमांक एकेक करून जुळवले. बकुळताई : ३०२. पद्माकाकू : ४१७.

मी जिवंत माणसांना मृत ठरवलं. चूक माझी. दुपारपर्यंत मला तेवढंच कळत होतं आणि लाजेने मान वर होत नव्हती. वाटलं, नियम उलटा फिरवीन, डॉक्टरांची माफी मागेन.

मग प्रश्न पडला. ते जिवंत होते, तर तारखा आणि कारणं कुठून आली?

नऊ फॉर्म भरून आले आहेत. तक्ता मांडला. यादीतल्या तेवीस जणांत डोक्याला इजा होऊन मेलेले नऊ. उरलेल्या अकराशे एकोणनव्वद जणांत : एक. काय-स्क्वेअर, योगायोग तपासणारा आकडा, पडद्याच्या कडेला जाईल एवढा. योगायोगाची शक्यता, म्हणजे पी, ०.००००. मृत्यूच्या वेळा मांडल्या. सगळे सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते पाच. रविवारी कोणी मरत नाही. ही माणसं आमच्या ऑफिसच्या वेळेत मरतात.

शेवटी ‘माहिती देणारा’ या रकान्याची वारंवारता काढली. मृत्यूच्या फॉर्मवर तिथे २ यायला हवा, नातेवाईक. किंवा ३, शेजारी.

नऊच्या नऊ फॉर्मांवर १.

१ म्हणजे स्वतः.

१४ डिसेंबर, गुरुवार

मला वाटलं, टंकताना चूक झाली असेल. मूळ कागद काढले. रत्नाकररावांचं मोत्यासारखं अक्षर. मृत्यूची तारीख. वेळ : ११.४०. कारण : डोक्याला इजा. माहिती देणारा : स्वतः. खाली अंगठा.

ऑक्टोबरचा फॉर्म शेजारी ठेवला. ३०२ च्या अंगठ्यावर आडवी जुनी चीर आहे, विळीने कापल्यासारखी. दोन्ही कागदांवर तीच चीर.

बकुळताईंनी स्वतःच्या मृत्यूच्या फॉर्मवर अंगठा दिला. आधी.

१५ डिसेंबर, शुक्रवार

लिहून काढते. नाहीतर वेड लागेल.

यादीत उरलेल्यांतला एक क्रमांक ८८, शिवराम भट, ब्रह्माघाटाजवळ राहणारे वेदपाठी, वय एक्याऐंशी. त्यांना सावध करायला गेले. साडेदहा झाले होते. जिना चढून गच्चीच्या दाराशी पोचले तर भटजी उन्हात चटईवर बसले होते. रत्नाकरराव गुडघे टेकून समोर. अंगठा शाईला लावून कागदावर दाबला. मग ओल्या फडक्याने तो अंगठा पुसला, हळू, मुलाचा पुसावा तसा. भटजींनी विचारलं, नयी दवाई आयी है क्या? रत्नाकरराव म्हणाले, हो आबा, डोळे मिटा.

उठून मागे गेले. दांडका दोन्ही हातांनी धरला.

पहिल्या घावाचा आवाज मडकं फुटल्यासारखा आला. भटजी पडले नाहीत. त्यांनी हात वर नेऊन टाळू चाचपली, तळवा डोळ्यांसमोर धरला आणि नवल वाटल्यासारखे बघत राहिले. दुसरा घाव त्या हातावरच बसला, बोटं मोडली. तिसऱ्याला कडं आत रुतलं. ते त्यांना हिसका देऊन काढावं लागलं. चटईवरून रक्त वाळत घातलेल्या वड्यांपर्यंत गेलं. पाय बराच वेळ सायकल चालवल्यासारखे हलत होते. ते थांबल्यावर रत्नाकररावांनी घड्याळात पाहिलं आणि फॉर्मवर वेळ लिहिली.

मी ओरडले नाही. का ओरडले नाही?

त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. म्हणाले, “ताई, जपून उतरा. जिना ओला आहे.”

१६ डिसेंबर, शनिवार

चौकीत गेले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. रत्नाकर दीक्षित? अरे राम राम, ते तर देवमाणूस. भटजी पडले तेव्हा दीक्षितांनीच आरडाओरड करून माणसं जमवली, पहिला खांदा दिला. शव? ते काल दुपारीच मणिकर्णिकेवर गेलं. इथे प्रेत घरात कोण ठेवतो? मी तक्ते दाखवले. अंमलदाराने विचारलं, हे पी काय आहे. सांगितलं. तो शेजारच्याला म्हणाला, बहनजी म्हणतात काशीत म्हातारे मरतात आणि हा योगायोग नाही. दोघं हसले.

डॉक्टरांना दिल्लीला फोन लावला. रडतच बोलले. ते म्हणाले, तुमच्यावर कामाचा ताण आला आहे. आणि म्हणाले, संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी तुम्हाला शिकवायचं का?

यादीतल्या तिघांच्या घरी गेले. त्यांना वाटलं मी औषधवाली. एक आजोबा म्हणाले, बेटी, मरायलाच तर आलोय. दार उघडंच ठेवलं त्यांनी.

१८ डिसेंबर, सोमवार

सकाळी ऑफिसात जाऊन नियम उलटा केला. उरलेल्यांपुढे ‘जिवंत’ भरलं, नवी यादी छापली. एकही क्रमांक नाही. कोरा कागद. रत्नाकरराव आले तेव्हा तो त्यांच्यापुढे धरला.

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि बोलत राहिले, संथपणे, जणू मला काम शिकवताहेत. त्यांच्या आईने स्वतःचं श्राद्ध करून घेतलं आणि त्यानंतर ती नऊ वर्षं खाटेवर पडून होती. पाठीला किडे पडले. रोज विचारायची, बाळ, माझं सगळं झालं ना, मग मी अजून का आहे? ते मणिकर्णिकेवर जाऊन बसायचे. तिथे चितेवर थोरला मुलगा बांबूने कवटी फोडतो, तेव्हा जीव सुटतो. ते बघता बघता त्यांना उमगलं : पिंड झाले, उरली ती फक्त कपालक्रिया. आईची त्यांनी केली. घरी, सकाळी, पूजा आटोपून. ज्यांना मुलगा नाही, म्हणाले, त्यांचा मुलगा मीच नाही का?

पण मन खात होतं, म्हणाले. एकट्याला दिसतं ते खरं की भ्रम? दहा वर्षं दांडका नुसता माकडांवर चालला. मग ताई, तुमच्या मशीनने सांगितलं. मशीनला ना आई ना जात. त्याने बाराशेंतून बरोबर तेच वेचले.

मी ओरडून सांगितलं, चूक होती, माझी चूक होती. त्यांनी कोऱ्या कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, हा तुम्ही भीतीने काढलाय. पहिला मशीनने काढला होता.

उठताना म्हणाले, काकूंना शेवटी ठेवलंय. त्यांचं घाईत नको. त्यांच्या हातचं खूप खाल्लंय मी.

१९ डिसेंबर, मंगळवार

काकूंना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, त्या मेल्याला मी पुरणपोळ्या घातल्या.

आजच्या आज सांगलीला जाऊ म्हटलं. मान हलवली. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलाय. मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही असा संकल्प, हातावर पाणी सोडून. अकरा वर्षांत वेशीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी पाया पडले. नाही म्हणाल्या.

म्हणाल्या, मरायला नाही गं भीत. पण हे फुकटचं आहे ना, ते मला पुरतं हवंय. तो कोण मधेच ताट ओढणारा?

२२ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसला जात नाही. दाराला आतून पाटा लावलाय. खाली जरीवाल्याला सांगितलं, तो म्हणाला, दीक्षितजी? काहीतरीच!

दाराच्या फटीतून रोज एक कागद येतो. भरलेल्या फॉर्मांची नक्कल. मी नोंद करावी म्हणून. ५६. ७४०. ११०३. अक्षर तसंच मोत्यासारखं. आता कारणाच्या रकान्यात खुलासाही असतो. ७४० : तीन घाव. ११०३ : सहा, डोकं हललं.

सतरा झाले.

२३ डिसेंबर, शनिवार

जाळीतून पाहिलं. समोरच्या ओट्यावर बसले होते, दांडका मांडीवर आडवा, नारळाच्या शेंडीने घासून कड्यातलं काहीतरी काढत. केस असावेत. मला पाहून हात जोडले.

काकू टीव्ही मोठ्याने लावून बसल्या आहेत.

२६ डिसेंबर, मंगळवार

आज एकदम तीन कागद. बावीस. तेवीसांपैकी बावीस.

तिसऱ्या कागदावर अंगठ्याच्या जागी अंगठा नाही — डाग आहे, मोठा, तळव्याएवढा — त्या बाईने झटापट केली असणार. समास सांभाळून बाकी सगळं लिहिलंय.

२७ डिसेंबर, बुधवार

काकू तयार झाल्या.

सकाळी दात घासता घासता म्हणाल्या, उद्या त्या तीरावर जाऊ. नदीपलीकडे. तिथे घाट नाही, देऊळ नाही, नुसती वाळू. ती काशीत धरत नाहीत. तिकडे मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो म्हणतात. रत्नाकर नेमाचा माणूस, मुक्ती नाही तिथे तो हात उगारणार नाही. पाऊलच ठेवणार नाही.

संकल्प मोडेल, म्हटलं.

“मोडू दे. गाढव तर गाढव. पण मी आत्ताच जिवंत गाढव होते आणि मग पुढचं बघू.” आणि हसल्या — पहिल्यांदा, पंधरा दिवसांत.

वाळूवरून रामनगर, तिथून मुगलसराय, तिथून गाडी. सकाळी नऊला. दिवसाउजेडी, माणसं असताना.

२८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ९.३५ — नावेत. पेन्सिलीने लिहितेय. हात दुसरं काही करू देत नाही.

दार उघडलं तर पायरीवर तेच. फॉर्म हातात. शाईची डबी उघडलेली. काकू, बसून घेऊ या का — एवढं म्हणाले. मी पुढे झाले, दांडका माझ्या खांद्यावर बसला, काहीतरी आत तुटलं, डावा हात लोंबतोय. ते मला ओलांडून काकूंकडे — काकूंनी चुलीवरचा तवा दोन्ही हातांनी — तापलेला — तोंडावर. कातडी तव्याला चिकटून आली. वास. पुन्हा मारला. दात पायऱ्यांवरून टपटप खाली गेले. ते जिन्यावरून उलटे. आम्ही त्यांच्या अंगावरून उतरलो. माझ्या पायाखाली त्यांची छाती दबली आणि ते म्हणाले, “जपून.”

काकूंचे तळवे भाजलेत. नदीच्या पाण्यात धरून बसल्यात.

धुकं. नावेचं दुसरं टोक दिसत नाही. नावाडी म्हातारा, म्हणतो पंधरा मिनिटांत वाळू.

९.५५ — वाळू लागली की वाचलो. काकू सारख्या तेच म्हणताहेत. वाळू लागू दे रे.

१०.१० — नावाडी वल्ही थांबवून ऐकतोय. दिशा चुकली म्हणतो. प्रवाह कळत नाही. पांढरं. सगळीकडे पांढरं.

१०.२० — फिरतोय. गोल फिरतोय का?

१०.२५ — आवाज! तीरावरून कोणीतरी हाक घालतंय. इधर — इधर — नावाडी खूश झाला. धुक्यात तीरावरचे असेच हाका घालून नावा ओढून घेतात म्हणे. त्या आवाजाच्या रोखाने वल्हवतोय.

आवाज जाड आहे. बोबडा. तोंडात काही धरून बोलल्यासारखा.

काकू उभ्या राहिल्या. बसा म्हणते तर ऐकत नाहीत. वाळू, नीरजे —

टेकली. नाव टेकली. काकूंनी पाय टाकला —

आवाज झाला. कठीण. वाळूचा नाही. दगड. पायरी आहे ही, काकू, ही पायरी आहे, मागे फिरा — धुक्यातून हात आलाय खाली, अंगठा शाईने निळा, आणि काकूंनी तो धर